विशेष आरोग्य गरजा असलेली मुलं : संशोधनाने आधी कोणते प्रश्न घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, सिकलसेल, थॅलेसेमिया, अपस्मार, जन्मजात हृदयदोष, टाइप १ मधुमेह अशा दीर्घकाळच्या आजारांसह वाढणाऱ्या मुलांचे पालक, शिक्षक, आशाताई आणि तरुण डॉक्टर यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उपचारांचा सल्ला इथे नाही. तो तुमच्या मुलाला पाहणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचा. या मुलांबद्दल आपल्याला अजून काय शोधून काढायचं आहे आणि त्यातलं आधी काय, एवढंच इथे मांडलं आहे.

‘विशेष आरोग्य गरजा’ असलेलं मूल म्हणजे कोणतं? दिव्यांग मूलच ना?

दोन्ही गट बरेचसे एकमेकांत मिसळलेले आहेत, पण एकच नाहीत. अमेरिकेत १९९८ साली एक व्याख्या मांडली गेली आणि ती आता बऱ्याच ठिकाणी वापरतात : ज्या मुलाला शारीरिक, विकासाशी, वर्तनाशी किंवा भावनांशी निगडित दीर्घकाळची अडचण आहे किंवा ती होण्याचा धोका जास्त आहे, आणि त्यामुळे ज्याला इतर मुलांपेक्षा जास्त किंवा वेगळ्या आरोग्यसेवा लागतात, असं मूल. रोज इन्सुलिन घेणारी आठवीतली मुलगी दिसायला ठणठणीत असते, दिव्यांग प्रमाणपत्र तिला मिळत नाही, पण ती या व्याख्येत बसते. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल त्यात आले, ही मोठी गोष्ट झाली. तरी हृदयदोष, मधुमेह, किडनीचे आजार असलेली कितीतरी मुलं त्या यादीच्या बाहेरच राहतात.

संशोधनासाठी व्याख्या मोठी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आजारांची नावं निराळी असली तरी घरातली ओढाताण सारखी असते : लांबचं रुग्णालय, संपलेलं औषध, बुडालेली मजुरी, शाळेतून आलेला फोन.

आजार माहीत आहेत, औषधंही आहेत. मग संशोधन कशाला? तो पैसा थेट उपचारांवर का घालू नये?

हा प्रश्न पालक पोटतिडकीने विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या इतिहासात आहे.

सिकलसेलचं लहान मूल वेदनेपेक्षाही जंतुसंसर्गाने दगावतं, कारण त्याची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, लहान वयातच निकामी होऊ लागते. १९८६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसातून दोनदा साधं पेनिसिलिन तोंडाने दिलं, तर न्यूमोकोकस या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. औषध जुनंच होतं, स्वस्त होतं. या मुलांना ते आजारी पडण्याआधीच रोज द्यायला हवं, एवढंच नव्याने कळलं. त्या एका उत्तरानंतर सिकलसेल जन्मताच शोधण्याला अर्थ आला.

आता पुढचा प्रश्न बघा. गोंडवस्तीतल्या दीड वर्षाच्या बाळाला रोज दोनदा, सलग काही वर्षं ते औषध मिळेल याची व्यवस्था कशी करायची? औषध आशाताईने घरी पोचवायचं, अंगणवाडीत ठेवायचं की महिन्याचं एकदम द्यायचं? शेतकामाच्या दिवसांत आई-बाप स्थलांतर करतात तेव्हा काय? याचं उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात नाही. ते गडचिरोली-नंदुरबारातच शोधावं लागेल. निदान आणि घर यांच्यामध्ये जे तुटतं, ते संशोधनाने सगळ्यात आधी हाती घ्यावं, या मताभोवतीच पुढची बहुतेक उत्तरं फिरतात.

आपल्याकडे अशी मुलं किती आहेत?

सगळ्या आजारांची मिळून, विश्वास ठेवावा अशी मोजणी झालेली नाही. मेंदूच्या विकासाशी निगडित अडचणींची मात्र एक चांगली मोजणी आहे. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची घरोघर तपासणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालच्या मुलांत सुमारे ९ टक्के, आणि ६ ते ९ वयोगटात सुमारे साडेतेरा टक्के मुलांना ऐकणं, बघणं, बोलणं, शिकणं, आकडी, ऑटिझम यांपैकी किमान एक अडचण होती. पाच ठिकाणांच्या आकड्यांत मोठी तफावत होती, म्हणून ते सरसकट महाराष्ट्राला लावू नयेत. पण प्रत्येक वर्गात अशी मुलं बसलेली असतात, हे त्यातून नक्की कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, मुलं तपासली जातात. तरी मुलं हरवतात कुठे?

हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. कल्पना उत्तम आहे. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गटांत तपासणी होते. काही सापडलं की मूल वरच्या रुग्णालयात किंवा डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं.

मुलं हरवतात ती ‘पाठवायचं’ या टप्प्यावर. किती मुलं तपासली, किती संदर्भित केली, किती शस्त्रक्रिया झाल्या हे नोंदवलं जातं. पण संदर्भित मूल प्रत्यक्ष पोचलं का, दुसऱ्यांदा आलं का, वर्षभराने ते चालतं-बोलतं आहे का, हा धागा एका मुलापुरता सलग धरून ठेवणं फार अवघड जातं.

वाकड्या पायांचंच उदाहरण घ्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ आणतात. साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक छोटी शस्त्रक्रिया. इथपर्यंत सगळं रुग्णालयात घडतं आणि कागदावर येतं. त्यानंतर पट्टीला जोडलेले खास बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. ते सुटले की पाय पुन्हा वळण्याची भीती असते. बूट का सुटतात? बाळ रात्रभर रडतं म्हणून? आजी म्हणते ‘आता पाय सरळ झाला, पोराला कशाला छळतेस’ म्हणून? की बूट लहान झाले आणि नवे आणायला सिव्हिलला जायचं तर एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीभाडं जातं म्हणून? प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. कारण न शोधता ‘पालक निष्काळजी आहेत’ असा शेरा मारणं हा त्या आईवर अन्याय आहे.

माझ्या यादीत पहिला क्रमांक याच प्रश्नाचा : तपासणीत सापडलेलं मूल उपचाराच्या शेवटापर्यंत नेण्यासाठी नेमकं काय उपयोगी पडतं? प्रवासभत्ता, फोनवरून पाठपुरावा, तालुक्यालाच ठरलेल्या दिवशी थेरपिस्ट येणं की आशाताईंना त्यासाठी वेगळा मोबदला? यांतला प्रत्येक पर्याय काही तालुक्यांत करून, मोजून बघता येतो. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

जन्मल्याबरोबर टाचेतून रक्त घेऊन करायची तपासणी सगळ्यांनाच का नाही?

बऱ्याच खासगी रुग्णालयांत ती होते, सरकारी ठिकाणी मात्र सगळीकडे होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मुंबईसह पाच शहरांत लाखावर नवजात बाळं तपासली, तेव्हा जन्मजात थायरॉइडची कमतरता सुमारे ११३० बाळांमागे एकात आढळली. हे प्रमाण थोडं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल शाळेत इतरांसारखं शिकतं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही.

तपासणी करावी का, यावर आता नव्याने अभ्यास नको. त्याचं उत्तर आलेलं आहे. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्या बाळाचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन, अहवाल येऊन, गोळी दोन आठवड्यांच्या आत घरात कशी पोचेल, हे शोधायचं आहे.

थेरपी आठवड्यातून किती वेळा हवी? एक जण सांगतो रोज, दुसरा म्हणतो महिन्यातून दोनदा पुरे.

पालकांना वाटतं, डॉक्टरांना हे माहीत असतं पण ते सांगत नाहीत. खरं सांगायचं तर पुरावाच अपुरा आहे, आणि हे जगभर आहे. ब्रिटनमध्ये मेंदूविकासाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी पालक, तरुण रुग्ण आणि तज्ज्ञ यांनी एकत्र बसून दहा अग्रक्रम ठरवले. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला प्रश्न नेमका हाच निघाला : थेरपी कोणत्या वयात सुरू करावी, किती द्यावी, आणि त्याने फरक पडतो का? दुसरा प्रश्न बोलू न शकणाऱ्या मुलांशी संवाद साधण्याच्या पद्धतींचा होता. तिसरा होता, इतर मुलांचा दिव्यांगत्वाकडे बघण्याचा दृष्टिकोन कसा बदलेल. नवीन औषधाचा प्रश्न पहिल्या तिनांत आला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत एकवटले आहेत. आठवड्यातून तीन वेळा थेरपी हवी असं उद्या सिद्ध झालं तरी किनवटच्या किंवा सुरगाण्याच्या मुलाला ती देणार कोण? म्हणून आपला प्रश्न असा विचारायला हवा : पालकांना आणि स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून किती साध्य होतं?

याचं एक आशादायक उत्तर गोव्यातून आलं आहे. संगथ या संस्थेने गोव्यात, आणि पाकिस्तानातल्या सहकाऱ्यांनी रावळपिंडीत, ऑटिझम असलेल्या मुलांच्या ६५ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल खेळताना त्यांचं चित्रण केलं आणि तेच पालकांना दाखवून मुलाच्या छोट्या छोट्या इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळीच मोजमापं सुधारली नाहीत, संशोधकांनी तेही नोंदवलं आहे. चाचणी लहान होती. तरी मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात हे जमेल का, किती दिवस टिकेल, घरात आजी-आजोबा-काकू सगळे असताना फक्त आईलाच शिकवणं पुरेल का, हे विचारण्याइतका आधार त्यातून मिळतो.

मुलाच्या विकासाची तपासणी करणारी प्रश्नावली मराठीत असली तरी घरात माडिया, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलावर ती चालवली तर चुकीचं उत्तर येऊ शकतं. त्या भाषांतली, त्या घरांतले खेळ आणि वस्तू धरून केलेली आणि तपासून घेतलेली साधनं हवीत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला मान कमी मिळतो, पण ते झाल्याशिवाय तिथले आकडे खरे मानता येणार नाहीत.

सिकलसेलवर २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं. मग विदर्भातल्या मुलांसाठी अजून काय शोधायचं बाकी आहे?

२०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं उद्दिष्ट आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, एवढा या अभियानाचा आवाका आहे. तपासणीचा वेग वाढला ही चांगली गोष्ट आहे. पण तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात आल्यावर पुढे काय, हे त्या मुलाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे.

भारतातला सिकलसेल सौम्य, असं बराच काळ मानलं गेलं, कारण इथल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि ते काही प्रमाणात संरक्षण देतं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या नोंदींतून दिसलं की मध्य भारतातली बरीच मुलं वारंवार दुखण्याने, रक्तक्षयाने आणि संसर्गाने गंभीर आजारी पडतात. कोणतं मूल गंभीर वळण घेईल हे आधी ओळखता येईल का, हा इथला खास प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न हायड्रॉक्सियुरियाचा. हे औषध दुखण्याचे झटके कमी करतं. नऊ महिन्यांपासूनच्या बाळांतही त्याचा उपयोग होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. पण दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम लागतं, आणि मोठ्यांची कॅप्सूल ५०० ची असते. लहान मात्रा गावात कशी मिळणार? सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी करावी लागते, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाली तर औषध सुटण्याचं प्रमाण घटेल का? आणि दुखण्याचा झटका घेऊन रात्री आलेल्या मुलाला वेदनाशामक औषध किती वेळात मिळतं? हे तर कोणतंही उपजिल्हा रुग्णालय उद्यापासून घड्याळ लावून मोजू शकतं.

दुर्मिळ आजारांचं काय?

२०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार ठरावीक केंद्रांतून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. ज्या आजारांची औषधं आयुष्यभर लागतात आणि वर्षाचाच खर्च त्याहून जास्त होतो, तिथे ही रक्कम लवकर संपते. पुढचा मार्ग औषधाच्या किमतीचा आणि देशी उत्पादनाचा आहे. संशोधनाने करायचं एक तातडीचं काम म्हणजे लवकर निदान. नाव कळेपर्यंतच कुटुंबाची वर्षं आणि जमापुंजी निघून जाते.

आईबद्दल कोणी विचारतच नाही. हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का?

व्हायलाच हवा, आणि वरच्या क्रमांकावर. मुलाचं वजन, आकड्यांची संख्या, हिमोग्लोबिन आपण मोजतो. आईची झोप, तिची पाठदुखी, सुटलेली नोकरी, ‘तुझ्यामुळेच झालं’ हे ऐकून आलेली उदासी कोणत्याही केस पेपरवर येत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या बारा वर्षांच्या मुलाला दिवसातून अनेकदा उचलणारी बाई स्वतः आजारी पडली की त्या मुलाची सगळी काळजी कोलमडते. मुलाला चार तास सुरक्षित ठेवणारी जागा मिळाली तर घरात काय बदलतं? वडिलांना थेरपीला बोलावलं तर ते येतात का, येत नसतील तर का? मागे राहिलेल्या भावंडांचं काय? यावर पुण्या-मुंबईबाहेर काम व्हायला हवं.

शाळेचा यात काय संबंध?

मोठा आहे. वर्गात आकडी आली तर काय करायचं, इन्सुलिनचं इंजेक्शन कुठे घ्यायचं, रक्त चढवायला दर तीन-चार आठवड्यांनी सुट्टी लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाचा बुडालेला अभ्यास कसा भरायचा, हे शिक्षकांना कोणी शिकवलेलं नसतं. छोट्या प्रशिक्षणाने किती फरक पडतो, हे शाळांची दोन गटांत विभागणी करून सहज पाहता येईल.

हे अग्रक्रम ठरवतं कोण? आमचं कोण ऐकणार?

बहुतेक वेळा निधी देणारी संस्था आणि संशोधक ठरवतात. पण दुसरी पद्धत आहे आणि ती चालते. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स ती राबवतं : रुग्ण, पालक आणि उपचार करणारे यांच्याकडून प्रश्न गोळा करायचे, ज्यांची उत्तरं आधीच मिळालेली आहेत ते बाजूला काढायचे, उरलेल्यांतून मतं घेऊन यादी छोटी करायची आणि शेवटी सगळ्यांनी एकाच टेबलावर बसून पहिले दहा ठरवायचे. औषध कंपन्यांना त्यात जागा नसते.

आपल्याकडेही हे परकं नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने मां दंतेश्वरीच्या जत्रेच्या निमित्ताने आदिवासी आरोग्य संसद भरवली आणि कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा हे लोकांना विचारलं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांची अशी बैठक प्रत्येक जिल्ह्याच्या डीईआयसीत वर्षातून एकदा होऊ शकते. फक्त वेळ, प्रवासखर्च आणि मुलांना सांभाळायला माणसं ठेवायला हवीत, नाहीतर ज्यांना सगळ्यात जास्त सांगायचं आहे तेच येऊ शकणार नाहीत. आणि मोठ्या मुलांनाही विचारावं. पंधरा वर्षांच्या मुलाला व्हीलचेअर कशी हवी, हे त्याच्या वडिलांपेक्षा त्याला जास्त कळतं.

मूल १८ वर्षांचं झालं की काय?

बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ ला संपतो. मूल म्हणून ओळखणारे डॉक्टर सुटतात आणि मोठ्यांच्या ओपीडीत त्याची पंधरा वर्षांची फाइल कोणी वाचत नाही. लहानपणी नीट उपचार झालेली मुलं या वळणावर का गळतात, हा भारतात फार थोडा अभ्यासलेला भाग आहे. अशा आजारांसह मोठी होणारी मुलं वाढत जाणार आहेत, म्हणून हा प्रश्न पुढे ढकलता येणार नाही.

ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेमसेल, म्हणजे मूलपेशींचे, उपचार सुचवले आहेत, काही लाख भरायला सांगतात. हे संशोधनच आहे ना?

सावध राहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या मान्यताप्राप्त कारणांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर स्टेमसेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. आणि चाचणी असेल तर त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागत असतील तर ते संशोधन नव्हे. कर्ज काढण्याआधी दुसऱ्या बालमेंदूविकारतज्ज्ञाला भेटा.

खऱ्या अभ्यासात आमच्या मुलाला घ्यायचं म्हणत आहेत. सही करण्याआधी काय विचारू?

हा अभ्यास कशासाठी आहे आणि माझ्या मुलाला त्यात नेहमीपेक्षा वेगळं काय होणार, हे मराठीत किंवा तुमच्या बोलीत समजावून मागा. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, विचारा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक मागा. ती यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हेही कागदावर असायला हवं. मूल सात वर्षांहून मोठं असेल आणि त्याला समजत असेल तर तुमच्या संमतीबरोबर त्याचा होकारही घ्यावा लागतो. कागद घरी नेऊन वाचायला, कोणाला तरी दाखवायला वेळ मागता येतो. मधूनच बाहेर पडावंसं वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे मुलाचे नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आम्हाला कसे आणि कधी कळवणार, हेसुद्धा सहीआधीच लिहून घ्या.